न्यूरोटेकमध्ये पैसे घालायचेत? आधी बिल कोण भरतं ते शोधा

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: पुण्यात आयटीत नोकरी आहे, वीसेक लाख रुपये बाजूला आहेत, पाच-सात वर्षं त्यांना हात लावायची गरज नाही. मेंदूत चिप बसवलेला तरुण हात न हलवता बुद्धिबळ खेळतो तो व्हिडिओ पाहिल्यापासून तुम्हाला वाटतंय की एआयनंतरची लाट हीच, न्यूरोटेकची, म्हणजे मेंदूशी आणि नसांशी जोडलेल्या यंत्रांची. ओळखीचे एक गृहस्थ न्यूरालिंकचे (ती चिप बनवणारी एलॉन मस्क यांची कंपनी) 'प्री-आयपीओ', म्हणजे शेअर बाजारात यायच्या आधीचे, शेअर मिळवून देतो म्हणतायत, आणि मेंदूच्या लहरी वाचणारा हेडबँड बनवणाऱ्या बंगळुरूच्या एका स्टार्टअपमध्ये पाच लाखांपासून भाग घेता येतोय. कशात घालू, की दोन्हींत?

उत्तर लांबणार आहे, कारण तुमच्या एका ओळीत तीन-चार प्रश्न एकमेकांत अडकलेत. आधी माझ्याबद्दल. मी बरीच वर्षं मेंदूतल्या इम्प्लांटच्या धंद्यात काढली. सुरुवातीला ऑपरेशन थिएटरात कंपनीचा माणूस म्हणून उभं राहून, आणि पुढे वैद्यकीय उपकरणांत पैसे घालणाऱ्यांसाठी कंपन्यांची छाननी करून. सेबीकडे नोंदलेला सल्लागार मी नाही, त्यामुळे 'हा शेअर घ्या' असं काही सांगणार नाही. शिवाय वीस लाख म्हणजे तुमच्या पुंजीचा विसावा भाग की निम्मा, डोक्यावर घराचं कर्ज आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. निम्मा असेल तर पुढचं सगळं केवळ माहिती म्हणून वाचा.

व्हिडिओतलं सगळं खरं आहे. जानेवारी २०२४ मध्ये न्यूरालिंकने पहिल्या माणसाला इम्प्लांट बसवलं. केसाहून बारीक असे ६४ धागे, त्यांवर मिळून १,०२४ इलेक्ट्रोड, म्हणजे मेंदूतले विजेचे संकेत टिपणारे बिंदू. काही आठवड्यांत त्यातले बरेच धागे मेंदूतून मागे सरकले, तरी सॉफ्टवेअरमध्ये बदल करून कर्सर चालू राहिला. शास्त्र म्हणून हे मोठंच काम आहे. पण तुम्ही धंद्याबद्दल विचारताय, आणि धंद्याच्या बाबतीत माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: या उपकरणाचं बिल कोण भरणार, आणि किती वर्षं भरत राहणार? न्यूरोटेकमध्ये ज्या कंपन्या तगल्या आणि ज्या बुडाल्या त्यांच्याकडे मागे वळून पाहिलं, तर इलेक्ट्रोड किती भारी होते यापेक्षा या प्रश्नाच्या उत्तराने त्यांचं नशीब जास्त वेळा ठरलंय.

हे कोड्यासारखं वाटेल म्हणून डीबीएसपासून सुरू करतो, म्हणजे मेंदूच्या खोल भागात तार घालून विजेचे सौम्य ठोके देणं. फ्रान्समधल्या ग्रेनोब्लला आलीम-लुई बेनाबिद यांनी १९८७ मध्ये याची आधुनिक सुरुवात केली. अमेरिकेत १९९७ मध्ये हातपाय थरथरण्याच्या एका विकारासाठी (इसेन्शियल ट्रेमर) आणि २००२ मध्ये पार्किन्सन्ससाठी, म्हणजे कंपवातासाठी, मान्यता मिळाली. आपल्याकडे हे रुजवण्यात मुंबईच्या जसलोकमधले डॉ. परेश दोशी यांचा वाटा मोठा आहे. म्हणजे 'मेंदूत यंत्र' ही गोष्ट नवी नाही, तिचा बाजार चांगला पंचवीस-तीस वर्षांचा आहे.

आता त्या बाजारात एक विक्री कशी दिसते ते जवळून बघा. कवटीतून दोन तारा आत जातात, कानामागून त्वचेखालून खाली येतात आणि कॉलरबोनखालच्या बॅटरीला जोडल्या जातात. ऑपरेशन झालं म्हणजे काम झालं असं कुटुंबाला वाटतं, पण खरं काम ओपीडीत सुरू होतं. टॅबलेटसारखा प्रोग्रामर हातात, छातीवर एक छोटा कम्युनिकेटर, आणि करंट मिलिअँपिअरच्या दशांशाने वाढवत न्यायचा. प्रत्येक टप्प्याला रुग्णाने कागदावर चकलीसारखं वेटोळं काढायचं. पहिलं वेटोळं करवतीच्या दात्यांसारखं येतं, चौथं-पाचवं गुळगुळीत व्हायला लागतं. आणखी वाढवलं की जीभ जड होते किंवा ओठाचा कोपरा ओढला जातो. मग एक पायरी मागे. असं प्रत्येक तारेवरच्या प्रत्येक संपर्कबिंदूसाठी, आणि पुढचे काही महिने पुन्हा पुन्हा. डॉक्टरांच्या शेजारी बहुतेक वेळा कंपनीचा इंजिनिअर बसलेला असतो. त्याचा पगार, प्रवास, थिएटरातले त्याचे तास हे सगळं त्या एका उपकरणाच्या नफ्यातून जातं. बॅटरी रिचार्जेबल नसेल तर तीन ते पाच वर्षांत बदलावी लागते, म्हणजे पुन्हा खर्च.

भारतात हा खर्च बहुतेक कुटुंबं स्वतःच करतात. विमा नियामकाने २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत डीबीएसचं नाव आधुनिक उपचारांच्या यादीत घातलं, त्यामुळे आरोग्य विम्याला ते सरसकट नाकारता येत नाही. पण पॉलिसीत उपमर्यादा असते आणि ती बहुतेकांना दावा करतानाच कळते. उपचार चांगला, पुरावा पक्का, सर्जन तयार, रुग्ण भरपूर, आणि तरीही विक्री मर्यादित. घोडं पेंड खातं ते पैसे कोण देणार इथे.

याउलट कॉक्लिअर इम्प्लांट बघा, म्हणजे कानाच्या आत बसवून ऐकण्याच्या नसेला थेट संकेत देणारं यंत्र. न्यूरोटेकमधली सर्वात यशस्वी गोष्ट कोणती असं मला विचारलंत तर मी हीच सांगेन, आणि गंमत म्हणजे तिला कुणी न्यूरोटेक म्हणतच नाही. मेलबर्नला ग्रॅम क्लार्क यांनी १९७८ मध्ये आपलं पहिलं बहुवाहिनी (एकाऐवजी अनेक इलेक्ट्रोडचं) इम्प्लांट बसवलं. कॉक्लिअर लिमिटेड १९८१ ची, ऑस्ट्रेलियाच्या शेअर बाजारात १९९५ मध्ये आली, आणि आज तिची वार्षिक विक्री दोन अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर आहे. जन्मतः न ऐकू येणाऱ्या मुलाला वेळेत इम्प्लांट केलं तर ते बोलायला शिकतं, नेहमीच्या शाळेत जातं, हे सरकारांना पटलं आणि सरकारांनी पैसे द्यायला सुरुवात केली. आपल्याकडेही केंद्राच्या एडिप या दिव्यांगांना साधनं देणाऱ्या योजनेत २०१४ पासून प्रत्येक मुलामागे सहा लाखांपर्यंत तरतूद झाली, आणि तिचं काम बांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेकडून चालतं. पैसे देणारा ठरला की कारखाना आखता येतो, ऑडिओलॉजिस्ट तयार करता येतात, पुढच्या वीस वर्षांचा अंदाज बांधता येतो.

आता उलटं उदाहरण. सायबरॉनिक्स नावाची कंपनी गळ्यातल्या व्हेगस नसेला उत्तेजन देणारं उपकरण बनवायची. अपस्मारासाठी १९९७ मध्ये मान्यता मिळाली, पैसे मिळू लागले, धंदा चालला. मग २००५ मध्ये औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठीही एफडीएने, म्हणजे औषधं-उपकरणांना मान्यता देणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेने, मान्यता दिली. नैराश्याचे रुग्ण अपस्मारापेक्षा कितीतरी जास्त, त्यामुळे बाजार हुरळून गेला. पण २००७ मध्ये मेडिकेअरने, म्हणजे अमेरिकेतल्या मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याने, सांगितलं की नैराश्यासाठी याचे पैसे आम्ही देणार नाही. पुरावा पुरेसा नाही. मान्यता कागदावर तशीच राहिली आणि विक्री मात्र उभीच राहिली नाही. २०१९ मध्ये मेडिकेअरने 'अभ्यासात सहभागी असाल तरच देऊ' एवढी खिडकी उघडली. मधली बारा वर्षं गेली.

म्हणून स्टार्टअपच्या सादरीकरणात 'एफडीए मान्यता २०२७' असं मोठ्या अक्षरांत दिसलं की मी पुढची स्लाइड मागतो. एफडीए एवढंच ठरवते की उपकरण सुरक्षित आणि परिणामकारक आहे का. पैसे देणारा विचारतो की हे आमच्या रुग्णाला, आत्ताच्या उपचारांच्या तुलनेत, या किमतीला परवडण्याइतकं चांगलं आहे का. दोन्हींना वेगळा पुरावा लागतो, वेगळा वेळ लागतो, आणि दुसऱ्यासाठीचे पैसे बहुतेक संस्थापकांनी मागितलेलेच नसतात. मेडिकेअरने २०२४ मध्ये 'ब्रेकथ्रू' उपकरणांसाठी लवकर निर्णय देणारा एक मार्ग उघडला, पण त्यातून वर्षाला पाचेकच उपकरणं घेण्याचा मानस होता. चीनने दुसऱ्या टोकाने सुरुवात केली: मार्च २०२५ मध्ये तिथल्या राष्ट्रीय आरोग्य विमा यंत्रणेने मेंदू-संगणक इंटरफेस (मेंदूचे संकेत थेट संगणकाला देणारं यंत्र) बसवण्या-काढण्यासाठी दराची स्वतंत्र शीर्षकं तयार केली, आणि उत्पादनं बाजारात यायच्या आत हुबेई प्रांताने दरही लावले. गुंतवणूकदार म्हणून मला ही बातमी कुठल्याही नव्या चिपपेक्षा जास्त महत्त्वाची वाटली.

याच सूत्रावर पैसे कसे बनतात तेही बघा. ॲक्सॉनिक्स ही कंपनी २०१३ ची. मूत्राशयावर ताबा नसलेल्या रुग्णांसाठी माकडहाडाजवळच्या नसेला उत्तेजन देणारं उपकरण. कल्पना तिची नव्हतीच. वैद्यकीय उपकरणांतली बडी कंपनी मेडट्रॉनिक तेच वर्षानुवर्षं विकत होती. पण मेडट्रॉनिकची बॅटरी काही वर्षांत बदलावी लागायची आणि ॲक्सॉनिक्सने पंधरा वर्षं चालेल अशी छोटी रिचार्जेबल बॅटरी आणली. विम्याकडे बिल लावायचे कोड आधीपासून होते, डॉक्टरांना ऑपरेशन येत होतं, विमावाले पैसे देत होते. २०१९ मध्ये मान्यता, २०२४ मध्ये बोस्टन सायंटिफिकने सुमारे ३.७ अब्ज डॉलरला विकत घेतली. मेंदूही नाही, बुद्धिबळही नाही. या कंपनीचा व्हिडिओ तुम्हाला कुणी फॉरवर्ड केला नसता.

इन्स्पायरची वाट वेगळी. झोपेत श्वास अडकणाऱ्यांसाठी जिभेच्या नसेला ठोका देणारं उपकरण. २००७ मध्ये मेडट्रॉनिकमधून वेगळी झाली, २०१४ मध्ये मान्यता, २०१८ मध्ये शेअर बाजारात. मधली वर्षं एकेका विमा कंपनीचं दार ठोठावण्यात गेली. २०२४ मध्ये विक्री ८० कोटी डॉलरवर पोहोचली. आणि मग ऑगस्ट २०२५ मध्ये एका दिवसात शेअर जवळपास एक तृतीयांश पडला. उपकरण बिघडलं नव्हतं. नवी आवृत्ती रुग्णालयांत बसवायला वेळ लागला, त्यात मेडिकेअरच्या बिलांचं सॉफ्टवेअर अपडेट उशिरा लागू झालं. त्याआधीच, डिसेंबर २०२४ मध्ये, वजन कमी करणाऱ्या टिर्झेपटाइड या औषधाला स्लीप ॲप्नियासाठी, म्हणजे याच विकारासाठी, मान्यता मिळाली होती. तुम्ही इलेक्ट्रोडची स्पर्धा बघत बसता आणि स्पर्धक औषधाच्या दुकानातून येतो.

नेव्ह्रोचं आणखी वाईट झालं. पाठीच्या कण्याला उत्तेजन देऊन दुखणं कमी करणारी कंपनी, २०१४ मध्ये १८ डॉलरला बाजारात आली, पुढे शेअर १५० डॉलरच्याही वर गेला. मग मोठ्या कंपन्यांनी तोडीस तोड उपकरणं आणली, मेडिकेअरने २०२१ पासून या ऑपरेशनला पूर्वपरवानगी सक्तीची केली, आणि २०२५ मध्ये ग्लोबस मेडिकलने ती कंपनी शेअरमागे ५.८५ डॉलरने उचलली. तंत्र चालत होतं, रुग्णांना फायदाही होत होता, आणि आयपीओत पैसे घालून थांबून राहिलेल्याचे दोन तृतीयांश गेले.

एक गोष्ट मात्र पैशांपलीकडची आहे आणि ती या धंद्यात उतरणाऱ्या प्रत्येकाने वाचायलाच हवी, ती म्हणजे सेकंड साइटची. डोळ्यांच्या पडद्यावर ६० इलेक्ट्रोड बसवून अंधांना थोडा उजेड-आकार दाखवणारं आर्गस-२, एफडीए मान्यता २०१३, किंमत दीड लाख डॉलरच्या घरात. जगभरात साडेतीनशेच्या आसपास लोकांनी ते बसवून घेतलं. कंपनीने २०१९ मध्ये ते बनवणं थांबवलं, २०२० मध्ये दिवाळखोरीच्या काठावर पोहोचली. रुग्णांच्या डोळ्यात यंत्र, आणि बाहेरचा चष्मा किंवा केबल बिघडली तर सुटा भाग द्यायला कुणी नाही. मोबाइल कंपनी बुडाली तर आपण दुसरा फोन घेतो. इथे जुना फोन शरीरात शिवलेला असतो. म्हणून आता जाणते सर्जन कंपनीचा ताळेबंद विचारतात, आणि ज्या कंपनीच्या तिजोरीत दीड-दोन वर्षांचेच पैसे आहेत तिचं इम्प्लांट रुग्णाला सुचवायला कचरतात. म्हणजे पैसा कमी म्हणून विक्री कमी, विक्री कमी म्हणून पैसा कमी. लहान कंपन्या मोठ्यांना विकल्या जातात त्यामागे हेही एक कारण आहे.

आता तुम्हाला ज्यात रस आहे त्या मेंदू-संगणक इंटरफेसकडे येतो. इथे अजून मुख्यतः चाचण्याच आहेत, विक्री नावापुरती. पैसा मात्र भरपूर आहे. न्यूरालिंकने जून २०२५ मध्ये ६५ कोटी डॉलर उभे केले. मूल्यांकन सुमारे ९ अब्ज डॉलर असल्याच्या बातम्या होत्या. सिंक्रॉनने नोव्हेंबर २०२५ मध्ये २० कोटी डॉलर, त्याआधीच्या फेरीत गेट्स आणि बेझोस यांचे पैसे. युटा ॲरे (मेंदूत टोचायची बारीक इलेक्ट्रोडची चौकट) बनवणाऱ्या ब्लॅकरॉक न्यूरोटेकमध्ये एप्रिल २०२४ मध्ये स्टेबलकॉइनवाल्या, म्हणजे डॉलरशी बांधलेल्या क्रिप्टो चलनाच्या, टेदर कंपनीने २० कोटी डॉलर घालून बहुमताचा हिस्सा घेतला. (नाव सारखं असलं तरी त्या प्रसिद्ध फंड कंपनीशी हिचा संबंध नाही. हा गोंधळ मी चांगल्या शिकलेल्या लोकांनाही घालताना पाहिलाय.) हा पैसा दहा-पंधरा वर्षं थांबू शकणाऱ्यांचा आहे. तो आला म्हणून तुमचे पाच-सात वर्षांचे पैसे तिथे शोभतात असं नाही.

या कंपन्यांत मी फरक करतो तो असा. सिंक्रॉनचं उपकरण मानेतल्या शिरेतून, हृदयातल्या स्टेंटसारखं, मेंदूच्या रक्तवाहिनीत नेऊन ठेवतात. कवटी उघडायची नाही. संकेत थोडे ढोबळ मिळतात, पण ते बसवू शकणारे डॉक्टर आणि कॅथलॅब (अँजिओग्राफी होते त्या खोल्या) जगभर तयार आहेत, म्हणजे विस्ताराचा खर्च कमी. प्रिसिजन न्यूरोसायन्सची चाल मला सगळ्यांत चतुर वाटते. त्यांची पातळ फिल्म मेंदूच्या पृष्ठभागावर नुसती ठेवतात, आणि एप्रिल २०२५ मध्ये तिला ३० दिवसांपर्यंत वापरायची एफडीए परवानगी मिळाली. तीस दिवसांत अर्धांगवायूचा रुग्ण संगणक चालवायला लागणार नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे. पण ट्यूमर किंवा अपस्माराच्या ऑपरेशनमध्ये मेंदूचा नकाशा काढायला सर्जन तशाही इलेक्ट्रोडच्या पट्ट्या वापरतातच, त्यांची बिलं होतातच. म्हणजे मोठं स्वप्न दूर असताना आजच विकता येईल अशी वस्तू हातात. न्यूरालिंकची बाजी सर्वांत मोठी: स्वतःचा रोबो, स्वतःची चिप, सगळं घरात. जिंकले तर सगळं त्यांचं, पण तोवर खर्चही सगळा त्यांचाच.

आणि 'नैराश्याचे कोट्यवधी रुग्ण, त्यातले एक टक्का धरले तरी' हा हिशेब कुणी मांडला तर हसून सोडून द्या. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. सेंट ज्यूड या उपकरण कंपनीने नैराश्यासाठी डीबीएसची मोठी चाचणी घेतली होती. उपकरण चालू असलेल्या आणि बंद ठेवलेल्या गटांत पुरेसा फरक दिसेना म्हणून ती २०१३ मध्ये थांबवावी लागली. मेंदूच्या आणि मनाच्या विकारांत नुसतं 'आपल्याला काहीतरी बसवलंय' या भावनेनेही माणसाला बरं वाटतं, त्यामुळे खोट्या उपचाराचा गट नसलेली चाचणी मी वाचत नाही. असा गट नसलेल्या उघड चाचणीत सत्तर टक्के सुधारले वगैरे आकडे पुढे टिकत नाहीत असा अनुभव आहे.

इथवरचं थोडक्यात: मान्यता आणि पैसे देणारा या दोन वेगळ्या पायऱ्या, आधीच बिल होत असलेल्या जागी चांगलं उपकरण घेऊन शिरणाऱ्यांचा धोका कमी, अगदी नवी जागा उघडणाऱ्यांना दहा-पंधरा वर्षं, आणि इम्प्लांट म्हणजे बसवल्यानंतरची सेवाही विकलेली असते. आता तुमच्या पुढ्यातल्या दोन गोष्टी.

न्यूरालिंकचे प्री-आयपीओ शेअर. कंपनी खाजगी आहे, तिचे शेअर कंपनीच्या संमतीशिवाय सहसा हलत नाहीत. त्यामुळे बाजारात जे विकलं जातं ते बहुतेक शेअर नसतातच. एखादी परदेशी एसपीव्ही (एकाच गुंतवणुकीसाठी काढलेली कागदी कंपनी) असते, तिच्याकडे दुसऱ्या एसपीव्हीचा हिस्सा, तिच्याकडे कुणा कर्मचाऱ्याशी केलेला भविष्यातला करार. प्रत्येक मजल्यावर प्रवेश शुल्क, वार्षिक शुल्क आणि नफ्यातला वाटा. कंपनी दुप्पट झाली तरी तुमच्या हाती किती येईल हे कागदावर मांडून बघा. मी मांडलेले काही हिशेब पाहून लोकांनी चहा अर्धा टाकला. शिवाय खाजगी कंपनीत नंतरच्या गुंतवणूकदारांना सहसा आधी पैसे परत मिळण्याचा हक्क असतो. कंपनी ठरल्यापेक्षा कमी किमतीला विकली गेली तर रांगेत शेवटी उभे असलेल्यांना काहीच मिळत नाही, आणि तुम्ही त्याहीपलीकडे असाल.

कायद्याची बाजू वेगळीच. फेमाच्या (परकीय चलन कायद्याच्या) ऑगस्ट २०२२ च्या परदेशी गुंतवणूक नियमांत, भारतात राहणाऱ्या माणसाने शेअर बाजारात नोंदणी नसलेल्या विदेशी कंपनीचं भांडवल घेतलं तर ती थेट परदेशी गुंतवणूक धरली जाते. बँकेमार्फत फॉर्म एफसी भरावा लागतो, आणि हिस्सा दहा टक्के किंवा त्याहून मोठा असेल तर पुढे दरवर्षी कळवावं लागतं. त्या गृहस्थांना दोनच गोष्टी विचारा: कुठल्या बँकेतून कोणत्या उद्देश-कोडखाली पैसे जाणार, आणि माझ्या नावावर नेमकं कोणत्या संस्थेचं काय येणार. 'इथल्या खात्यावर रुपये टाका, तिकडे आम्ही बघतो' असं उत्तर आलं तर तिथेच थांबा. मी तर सांगेन, उत्तर कसंही आलं तरी थांबा.

हेडबँडवालं प्रकरण जरा वेगळं आहे, त्याला मी लगेच नाही म्हणणार नाही. इथे आधी बघायचं की ते काय दावा करतात. 'लक्ष केंद्रित होतं, शांत झोप लागते' एवढंच म्हणत असतील तर ती ग्राहकवस्तू आहे. मग स्पर्धा मनगटावरच्या घड्याळांशी आहे, आणि विचारायचा आकडा एकच: घेतलेल्यांपैकी सहा महिन्यांनी किती जण आठवड्यातून तीनदा तरी लावतात? या प्रकारच्या वस्तू कपाटात जाण्याचं प्रमाण मोठं असतं. मेटाने २०१९ मध्ये सीटीआरएल-लॅब्स विकत घेतली आणि २०२५ मध्ये तिचं तंत्र ७९९ डॉलरच्या चष्म्याबरोबर मनगटपट्टा म्हणून बाजारात आणलं. तेही मेंदूतून नव्हे, मनगटाच्या स्नायूंतून संकेत वाचतं. सहा वर्षं आणि मेटाचा खजिना लागला, हे लक्षात असू द्या.

'नैराश्य कमी होतं, एडीएचडीवर (लक्ष न टिकण्याच्या विकारावर) उपचार' असं म्हणत असतील तर ते वैद्यकीय उपकरण आहे आणि २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम लागू होतात. कमी धोक्याचा वर्ग अ किंवा ब असेल तर राज्याकडून एमडी-५, जास्त धोक्याचा क किंवा ड असेल तर केंद्राकडून एमडी-९ हा उत्पादन परवाना. नवं उपकरण माणसांवर तपासायचं असेल तर एमडी-२३ ही परवानगी. 'प्रक्रियेत आहे' हे उत्तर चालेल, पण अर्जाचा क्रमांक मागा. आणि मेंदूच्या लहरींचा डेटा कुणाकडे, किती दिवस, विकला जातो का, हे विचारा. चिलीच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये इमोटिव्ह या मेंदूलहरी वाचणारे हेडसेट बनवणाऱ्या कंपनीला एका वापरकर्त्याचा मेंदूडेटा पुसायला लावला. अमेरिकेतल्या कोलोरॅडो आणि कॅलिफोर्निया राज्यांनी २०२४ मध्ये मेंदूडेटासाठी कायदे केले. आपल्या २०२३ च्या डेटा कायद्यात मेंदूडेटासाठी वेगळा वर्ग नाही, पण कंपनीला परदेशात विकायचं असेल तर तिकडचे नियम पाळावेच लागतील.

पाच लाखांचे शेअर थेट देत असतील तर कंपनी कायद्याच्या कलम ४२ (खाजगी शेअरविक्री) प्रमाणे तुमच्या नावाचा पीएएस-४ नमुन्यातला प्रस्ताव हवा, पैसे बँकेतून कंपनीच्या स्वतंत्र खात्यात जायला हवेत, आणि असा प्रस्ताव वर्षाला दोनशेहून जास्त लोकांना देता येत नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर 'शेवटच्या चार जागा' म्हणून फिरणारी संधी ही मुळात या कलमात बसते का, हा साधा प्रश्न आहे.

आणि या दोन्हींशिवाय काय? शेअर बाजारातून या क्षेत्राशी जोडून राहायचं असेल तर कॉक्लिअर, इन्स्पायर, न्यूरोपेस, लिव्हानोव्हा या नावांचे वार्षिक अहवाल वाचायला सुरुवात करा. मेडट्रॉनिक, ॲबट, बोस्टन सायंटिफिक यांच्यात नसांना-मेंदूला उत्तेजन देणाऱ्या उपकरणांचा वाटा इतका लहान आहे की ते घेऊन तुम्ही न्यूरोटेकमध्ये शिरलात असं होत नाही. एकूण वैद्यकीय उपकरणांत शिरलात असं होतं, आणि माझ्या मते बहुतेकांसाठी तेच बरं. भारतीय बाजारात निव्वळ न्यूरोटेकची मोठी नोंदणीकृत कंपनी नाही. बाहेर पैसे पाठवायचे तर एलआरएसखाली (रिझर्व्ह बँकेच्या परदेशी पैसे पाठवण्याच्या योजनेखाली) वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे, पण एका आर्थिक वर्षात दहा लाख रुपयांवरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस (बँक आगाऊ घेते तो कर) कापला जातो. वीस लाख एकदम पाठवलेत तर दोन लाख रिटर्न भरेपर्यंत अडकतील. मार्चमध्ये दहा आणि एप्रिलमध्ये दहा पाठवले तर नाही. विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचं परिशिष्ट भरायला विसरू नका, लोक तिथे हमखास चुकतात.

माझ्या हातात तुमचे वीस लाख असते आणि ते पुंजीचा छोटाच भाग असते, तर त्यातले चार-पाचच या क्षेत्रात ठेवले असते, तेही ज्यांचं बिल आज कुणीतरी भरतंय अशा कंपन्यांत. हेडबँडवाल्यांना आज एक मेल टाका: परवान्याची किंवा अर्जाची प्रत, सहा महिन्यांनंतरच्या वापराचा आकडा, खोट्या उपचाराच्या गटासह झालेली चाचणी असल्यास तिचा अहवाल, आणि गेल्या वर्षाचा लेखापरीक्षित ताळेबंद. चारपैकी काय काय आलं ते कळवा, नावं झाकून चालेल. आकडे बघून पुढचं बोलू.